जिन्याखालचं कण्हणं

जिन्याखालच्या लोखंडी पेटीसमोर तीस-चाळीस माणसं भरदुपारी हात जोडून बसली होती. पेटीतून कण्हल्यासारखा आवाज येत होता, लांबलचक आणि मध्येच घोगरा होणारा. बायका डोळे पुसत होत्या. "ऐकलंत? अगदी घड्याळजींचाच आवाज हो!" घड्याळजी म्हणजे या घरचे वारलेले धनी. पेटीवर त्यांची शाल पांघरली होती आणि शेजारी खुर्ची टाकून महाराज बसले होते.

मी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करते, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळते. बावीस वर्षं माझे कान घरघर ऐकण्यातच गेलेत. ती पेटी म्हणजे इन्व्हर्टर. त्या वस्तीपर्यंत विजेची लाइन पोचलेली नाही, म्हणून घड्याळजींनी छतावर सौर पॅनेल आणि जिन्याखाली बॅटऱ्या न् इन्व्हर्टर असा सगळा थाट स्वतः बसवला होता. ते वारून दोन महिने झाले होते आणि गेले तीन आठवडे पेटी कण्हत होती.

"सून पाणी भरायला उठली, की तो जीव तळमळतो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "हिची सावली जड आहे. हिला आजच माहेरी धाडा. बाळ मात्र इथंच राहील, ते या घरचं आहे."

घड्याळजींची ही सून म्हणजे माझी सख्खी भाची. सात महिन्यांचं बाळ छातीशी घट्ट धरून ती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. तिच्या आईमागे तिला मीच वाढवलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता त्यांना शांत करतो," महाराज म्हणाले. "घरातलं सगळं बंद करा. पंप, पंखे, फ्रीज. आत्म्याला शांतता लागते!"

भाचीच्या नवऱ्यानं, आमच्या जावईबापूंनी, पटापट बटणं बंद केली. महाराजांनी शालीवर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. आवाज विरला. "चमत्कार!" म्हणत सगळे वाकले. नळ बंद करायचा आणि पाणी थांबलं म्हणून पाया पडायचं, त्यातलाच हा प्रकार!

मी पुढे होऊन भाचीच्या सासूला विचारलं. "विहीणबाई, ही पेटी गेल्या दोन महिन्यांत कुणी उघडली का हो?"

"छे! ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दर महिन्याला ब्रश आणि पेचकस घेऊन स्वतः बसायचे. त्यांची वस्तू आम्ही कशी उघडणार? शाल तेवढी पांघरली."

मला हवं ते कळलं. "मग एक करा. भाची बाळाला घेऊन रस्त्यापलीकडे उभी राहील. पंपाचं बटण तुम्ही दाबा."

"मी? अहो, पाण्याचं काम तिच्याकडे असतं."

"म्हणूनच म्हणते."

भाची बाहेर गेली. विहीणबाईंनी बटण दाबलं. पेटी कण्हली, अगदी तश्शीच.

कुजबुज सुरू झाली. महाराज गडबडले, पण क्षणभरच. "सावली गेली तरी तिचा अंमल उरतो!"

"उरू दे की. पंप चालूच ठेवते. ठेवा हात, करा शांत."

महाराजांनी हात ठेवला. पेटी कण्हत राहिली. त्यांनी दोन्ही हात दाबले, कपाळावर घाम आला. "इथं नास्तिक बसलेत. शक्ती चालत नाही."

"अहो, मघाशीही मी इथंच होते!" मी म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मी पंप बंद केला, पॅनेलची आणि बॅटरीची जोडणी सोडली, थोडा वेळ थांबले आणि झाकण काढलं. शाल आतून करपून तांबूस झाली होती. आतल्या पंख्यात धुळीचा गठ्ठा आणि शालीचे दोरे अडकले होते. तीन स्क्रू सैल होते.

"हे बघा," मी सगळ्यांना जवळ बोलावलं. "ह्या लोखंडाभोवती तार गुंडाळलेली आहे. वीज वाहिली की ते बारीक थरथरतं, म्हणून गुणगुणतं. पंपाचा भार पडला की जास्त. स्क्रू सैल असले की पत्रा खडखडतो. वर शाल, म्हणजे वारा बंद, मग पंखा घरघरतो. घड्याळजी महिन्याच्या महिन्याला हेच साफ करायचे, हेच आवळायचे. असंच चाललं असतं तर एक दिवस घर पेटलं असतं, बाळासकट."

धूळ काढली, स्क्रू आवळले, जोडणी केली. पंप लावला तर नुसती हलकी गुणगुण. महाराजांना एव्हाना तातडीचं काम आठवलं होतं.

विहीणबाई शाल कवटाळून ढसाढसा रडल्या. "मला वाटलं, ते अजून इथं आहेत." मला त्यांचा राग धरवेना. बाई बिचारी नवऱ्याला शोधत होती आणि त्या लबाडानं नेमकं तेच हेरलं.

भाची आत आली. तिला माहेरी धाडायला बांधून ठेवलेली पिशवी जावईबापू सोडायला लागले. तिनं ती त्यांच्या हातून घेतली.

"तीन आठवडे मी सांगत होते, पंप लावला की आवाज येतो. तुम्ही एकदा तरी स्वतः बटण दाबून बघितलंत?"

ती बाळाला घेऊन माझ्याबरोबर निघाली. परत जाईल की नाही, मी विचारलेलं नाही.

तुमच्या घरात काही कण्हलं, तर आधी ते उघडून बघा, जमत नसेल तर जाणकाराला बोलवा. आणि कुणी घरच्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्या माणसाला बाजूला करून बटण स्वतः दाबा. एवढं तरी आपल्या माणसासाठी कराच.