जांभळी पाठ

मी एक जुना फवारणी पंप आहे. पाठीवर बांधायचा, सोळा लिटरचा. रंगाने पिवळा होतो. आता कुठला रंग म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू मायाळू असतात असे तुम्ही ऐकले असेल. मी तसा नाही. मी डूख धरतो. वर्षानुवर्षे धरला आणि एका सकाळी त्याचा पुरेपूर वचपा काढला.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यात एक पुस्तिका होती. तिच्यावरच्या चित्रातल्या माणसाने हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, उंच बूट असे सगळे घातले होते. तो माणूस मला आयुष्यात कधीच भेटला नाही.

मला भेटला लांब्या. ओढ्याकाठच्या एका मोठ्या फळबागेत तो कामाला होता. उंचीमुळे त्याला सगळे लांब्या म्हणायचे. पहिली दोन वर्षे आमचे छान जमले. संध्याकाळी तो मला तीनदा विसळायचा, पट्टे पुसायचा आणि सावलीत उलटा टांगायचा. “हा पंप म्हणजे माझा धाकटा भाऊ,” असे तो बायकोला सांगायचा. एवढे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या तळाशी, नळी जोडतात तिथले वायसर झिजले. छोटीशी रबरी चकती, नखाएवढी जाड. लांब्याने मुकादमाला सांगितले. मुकादम बागेचा कारभार बघायचा, म्हणजे बांधावर खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याने सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा कापून दिला आणि म्हणाला, “बसव हे. चालतंय.”

ते चालले नाही. औषधाने आठ दिवसांत ते रबर फुगवले आणि मी गळू लागलो. बागेत विषाला औषधच म्हणतात. ते औषध लांब्याच्या पाठीवरून, कमरेवरून, थेट टाचेपर्यंत उतरायचे. बिचारा पाठीला गोणपाटाची घडी लावायचा आणि डावीकडे कलून चालायचा, म्हणजे गळती जरा कमी व्हायची. मीही जमेल तेवढे धरून ठेवायचो. माझ्या नळीच्या तोंडात कचरा अडकला की मुकादम ओरडायचा, “फुंक मार, वेळ नको घालवू!” मग लांब्या माझे तोंड ओठात धरून फुंकायचा. त्याचा ओला शर्ट घरी बायको पोरांच्या कपड्यांबरोबरच धुवायची.

पाचव्या वर्षी त्याचे हात थरथरू लागले. दुपारी डोळ्यांपुढे धुके यायचे. ओढ्यात मासे उलटे तरंगायचे आणि बागेत मधमाश्या दिसेनाशा झाल्या, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. लांब्याबद्दल मात्र मुकादमाने निदान करून टाकले.

“दारू पितोस,” तो म्हणाला. “उघड तोंड.”

त्या दिवसापासून रोज सकाळी, सगळ्या मजुरांसमोर, मुकादम लांब्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेला तो माणूस मान वर करून, तोंड उघडून उभा राहायचा. शेवटी मुकादमाने जाहीर केले, “या हंगामानंतर तुला सुट्टी. बेवड्याला मी ठेवत नाही.” त्या दिवशी मला विसळताना त्याच्या हातून मी दोनदा निसटलो. चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या तळाशी जे साचले होते ते नुसते औषध नव्हते.

हंगाम संपत आला तेव्हा तपासणीच्या बाई आल्या. कोणते औषध माणसाला, पाण्याला, मधमाश्यांना किती घातक ठरते, ते मोजण्याचे त्यांचे काम. मुकादमाने लगेच कपाटातला कोरा पंप काढून दिला. त्यावरची चिठ्ठीसुद्धा अजून निघाली नव्हती. बाई हसल्या.

“चांगला पंप असला तर धोका किती, हे कागदावर आमच्याकडे आहेच,” त्या म्हणाल्या. “मला तुमचा रोजचा पंप हवाय. आणि रोजचा माणूस.”

लांब्याने मला आणले. त्याचे थरथरते हात बाईंना दिसू नयेत म्हणून मुकादम पुढे झाला. “फवारणी मीच करतो, बाई. असलं काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही.”

मग काय! बाईंनी त्यालाच पांढरेशुभ्र कापडी कपडे चढवायला दिले, मानेपासून घोट्यापर्यंत. माझ्यात औषध नाही, फक्त पाणी आणि जांभळा रंग भरला. औषध अंगावर कुठे पडते ते रंगावरून कळणार होते. ओढ्याच्या काठाने त्यांनी पांढरे कागदही अंथरले.

लांब्या भला माणूस. तो मुकादमाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, “पाठीला गोणपाट घ्या.”

“गप्प बस,” मुकादम दातओठ खात पुटपुटला. गोणपाट घेतले असते तर गळती कबूल करावी लागली असती.

मित्रांनो, मी पंप आहे, मला मन नसते असे म्हणतात. पण लांब्यासाठी मी जे इतकी वर्षे धरून ठेवले होते, ते त्या सकाळी सोडून दिले. दांडा तीनदा हलला आणि मी तळातून, झाकणातूनही वाहू लागलो. मान सुटली नाही, पाठ सुटली नाही. पायजमा जांभळा झाला, बूट भरले. चार ओळी संपेपर्यंत पांढरे म्हणावे असे छातीवर वीतभर कापड उरले. वाऱ्याने ओढ्याकाठच्या कागदांवरही ठिपकेच ठिपके उडवले.

मुकादमाने पाठीला हात लावला, तळवा पाहिला आणि किंचाळला, “साबण आणा! अरे, साबण आणा कुणीतरी!”

कोणी हलले नाही. साबण आणला तो लांब्यानेच.

बाईंनी ते कपडे कापले. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, मांड्या वेगळ्या. एकेका पिशवीत घालून वर त्या भागाचे नाव लिहिले. मग त्यांनी विचारले, “आता खरं सांगा, रोज हा पंप कोण घेतं?” मजुरांनी एकदम लांब्याकडे बोट केले. त्याचे रक्त तपासले गेले. त्यात दारू नव्हती. औषधाने काय केले होते ते मात्र स्पष्ट होते.

ते औषध त्या बागेतून हद्दपार झाले. आता आधी पाने उलटून किडी मोजतात आणि गरज असेल तरच फवारतात. मोजणी लांब्या करतो. त्याचे हात अजून थरथरतात, थोडे कमी. तोंड उघडायला त्याला आता कोणी सांगत नाही.

मी प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर टांगलेला आहे. नवीन येणाऱ्यांना माझे वायसर दाखवतात. तुम्हीही पाहून जा. तुमच्या घरी असा पंप असेल तर तळाशी बोट लावून बघा आणि तो कोणाच्या पाठीवर जातो ते विचारा.

मुकादम आठवडाभर मान घासत होता म्हणे, कातडी सोलेपर्यंत. मला दया आली का? नाही आली. त्याच्या अंगावर रंगच तर होता.