हिरवं बटण

"अगं, डोकं कुठं गहाण टाकून आलीस? मागे बघ म्हटलं ना!"

मुलाची कुरकुर थेट तिच्या कानात शिरली. हेडफोन लावला की परकं माणूसही अगदी खांद्याशी येऊन बसतं. ऑनलाइन खेळताना कुणी घाण बोललं अशी तक्रार आली की ते रेकॉर्ड झालेलं बोलणं ऐकायचं, हे तिचं काम. शिवी असेल तर लाल बटण, नसेल तर हिरवं. मराठी ऐकणारी ऑफिसात ती एकटीच.

पुढे तोच मुलगा म्हणाला, "तुझ्याऐवजी आईला धोंडा झाला असता, तर धुणं तरी धुतलं असतं त्यावर."

पलीकडची मुलगी हसली. बारीक, कसंनुसं.

"हे तुम्ही दर वेळी हिरवं केलंत," मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "पोरीनं झोपेच्या गोळ्या खाल्ल्या. वाचली, पण आता तोंडच उघडत नाही. बाप खाली येऊन बसलाय."

शेजारी दुसरी भाषा ऐकणारा तरुण बसायचा. तिच्या पडद्यावर उमटलेलं ते वाक्य वाचून तो हळूच म्हणाला, "ताई, आमच्यात आयाबहिणींवरून शिव्या देऊन लोक गळ्यात पडतात. पण हे असं कुणी बोललं, तर सुरे निघतील."

"आमच्यात चालतं रे. हक्काचं बोलणं ते," ती म्हणाली. "आणि हसली ना ती!"

ती जिन्यानं उतरली आणि खाली लिफ्टसमोर बसलेल्या त्या बापाकडे न बघता बाहेर पडली.

घरी जेवताना लेकीच्या हातून पाण्याचा तांब्या कलंडला. नवऱ्यानं मानही वर केली नाही. "तुझ्याऐवजी धोंडा झाला असता, तर धुणं तरी धुतलं असतं त्यावर."

लेक हसली. बारीक, कसंनुसं.

"असलं ऐकून एका पोरीनं गोळ्या खाल्ल्याचं आज कळलं," ती नवऱ्याला म्हणाली. "मीच ते चालतं म्हणून हिरवं केलं होतं."

"मग? मी काय शिवी दिली?" नवरा म्हणाला. "आई, सांग गं हिला."

सासूबाईंनी तोंड उघडलं. 'त्याच्या मनात काही नसतं गं,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज त्या नातीकडे बघत राहिल्या. पाणी त्यांच्या पाटापर्यंत आलं होतं.

"शिवीच आहे ती," त्या म्हणाल्या. "तुझा बाप मला द्यायचा. मीही अशीच हसायचे."