गरम पाय

अपघात विभागात टेबल एक, त्यावर माणूस एक. नर्स, वॉर्डबॉय आणि मी. शिवाय त्या माणसाच्या बायकोचा भाऊ. मानेचा पट्टा एकच उरलेला, तोही एक माप मोठा. नाडी ४८, रक्तदाब ८०/५०.

"जिन्यावरून पडलेत. मी फक्त हात लावला होता," मेव्हणा म्हणाला.

"विचारलं कुणी?" नर्सनं दोन्ही हातांनी रुग्णाचं डोकं धरून ठेवलं होतं.

"म्हणे पाय हलत नाहीत. नाटक आहे सगळं. पाय बघा, चांगले गरम आहेत. लुळ्या पायांना ऊब असते का?"

मी हात लावून पाहिला. पाय गरम होते, कोरडेही. रक्तस्रावानं दाब इतका उतरला असता, तर पाय गार पडले असते आणि नाडी धावली असती. इथं नाडी संथ होती. श्वास घेताना पोट हलत होतं, छाती नाही. मज्जारज्जू मानेतच दुखावला होता; रक्तवाहिन्या आवळायचा, नाडी वाढवायचा निरोप खाली पोचतच नव्हता.

"गरम आहेत, म्हणूनच काळजी आहे," मी म्हटलं.

"दाजी, पुरे झाला तमाशा. पाणी प्या आणि उठा." त्यानं मानेखाली हात घालायला घेतला. नर्सनं डोकं न सोडता त्याला कोपरानं मागे रेटलं.

"मान हलली तर श्वासही जाईल त्यांचा. व्हा मागे."

"माझे पाय खाली लोंबतायत का रे?" रुग्णानं विचारलं. पाय टेबलावर सरळ होते. मेव्हणा मागे झाला.

पाठ तपासायला रुग्णाला ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवायचं होतं. वळवायला तिघं आणि पाठ बघायला मी. माणूस एक कमी होता.

"तुम्ही कंबर धरा," मी मेव्हण्याला म्हटलं.

"मी?"

"ढकलायला बरा पोचला हात," नर्स म्हणाली. "आता मी तीन म्हटल्यावरच वळवायचं. आधी बोटही हलवायचं नाही."

त्यानं तीनची वाट पाहिली. मानेच्या तळाशी एक मणका माझ्या बोटाला पुढे सरकलेला लागला. परत उताणं निजवलं, ऑक्सिजन दिला, दाब वाढवणारं औषध सुरू केलं. अर्ध्या तासानं रक्तदाब १०६/६४ झाला.

मग मी टाचणी घेतली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

"सांगा हं, दाजी," मेव्हणा हळूच म्हणाला.

तळवा: नाही. गुडघा: नाही. मांडी: नाही. पोट: नाही. छाती: नाही. गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं: हो.