ताईचा कट

या रस्त्याच्या रुंदीकरणाला मी आता विटले आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो दोन राज्यांना जोडणारा हमरस्ताच म्हणवून घेत होता, पण समोरून दुसरी गाडी आली की एकीला मातीत उतरावं लागायचं. मग तो दुपदरी झाला, आमचा ओटा गेला. चौपदरी झाला, पुढची खोली गेली. आता सहापदरी होणार म्हणे. घर आहे तिथंच आहे, फक्त पुढून संपत चाललंय.

रस्त्यापलीकडे माझी धाकटी बहीण राहते. तिचं स्थळ मीच आणलं होतं, हाकेच्या अंतरावर राहील म्हणून. दोघींच्या घरांत आता आम्ही एकेकट्याच उरलोय. ट्रकच्या सीटची कव्हरं शिवून पोट भरतो. मी इकडे रेक्झिन बेतते, कापते. ती तिकडे मशीनवर शिवते आणि कडेला पायपिंग लावते. कापलेल्या तुकड्यांचं बोचकं घेऊन मी रोज पलीकडे जाते. रस्ता ओलांडणं तिला जमत नाही, हॉर्न वाजला तरी ती दचकते. घोटभर चहा, थोडं भांडण, आणि शिवलेला माल घेऊन मी परत.

हे सगळं चालतं ते कटामुळे. चौपदरीच्या वेळी डिव्हायडर सलग बांधणार होते. मी कंत्राटदाराच्या गाडीपुढे फतकल मारून बसले, तेव्हा कुठे आमच्या दारांसमोर ट्रक वळेल एवढी जागा मोकळी सुटली. तिला सगळे ताईचा कट म्हणतात. ड्रायव्हरसुद्धा एकमेकांना सांगतात, ताईच्या कटाला वळ. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

आता तो बुजवायचा घाट घातलाय. पलीकडे जायचं तर टोलनाक्याजवळच्या पुलावरून. तिथवर पायपीट, मग जिने चढायचे, उतरायचे, आणि तेवढंच उलट चालत यायचं. माझे गुडघे घरातला उंबरा ओलांडतानाही कुरकुरतात. कट गेला की बहीण गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लोकांचं म्हणणं ऐकायला इंजिनियर बाई आल्या. धाकटीच्या बाजूला टायरवाल्याची शेड आहे, तिथं जमलो. बाईंनी रचलेल्या टायरांवर नकाशा पसरला. त्याही थकलेल्या दिसत होत्या. सकाळपासून अशाच शेडींमधून शिव्या खात आल्या असणार.

"ट्रक वळतो आणि मागून मोटरसायकल आदळते," त्या म्हणाल्या. "इथं माणसं गेलीत."

"वेगानं गेलीत, कटानं नाही," मी म्हटलं. "बुजवायचं तर वेग बुजवा."

शेड हसली. हॉटेलवाल्यानं जोरात मान डोलावली. कट गेला तर त्याच्या चहाला कुत्रंही वळणार नव्हतं. बाईंनी विचारलं, "कट बंद करा म्हणणारं कुणीच नाही का?"

"मी आहे," मागून धाकटी म्हणाली. "बंद करा. लवकर करा."

"घ्या," टायरवाला म्हणाला, "ताईच्या कटाविरुद्ध धाकटीचा कट."

लोक पुन्हा हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं घर जागेवर होतं आणि वासाच फिरला.

सगळे पांगल्यावर मी तिच्या घरी गेले, बोचकं घ्यायला आणि भांडायला.

"माझा कंटाळा आला असेल तर सरळ सांगायचंस. एवढा रस्ता कशाला मध्ये घालतेस?"

ती मशीनवरचा दोरा तोडत राहिली. मग म्हणाली, "ताई, तू इथून निघालीस की मी काय करते, माहितीये?"

"काय करतेस?"

"भिंतीकडे तोंड करून उभी राहते. येतेस तेव्हा निदान दार वाजतं. जातेस तेव्हा काहीच वाजत नाही. बऱ्याच वेळानं धीर करून वळते. तुझं दार उघडं दिसलं की मग कामाला बसते."

"कधीपासून?"

"कट झाल्यापासून."

"बोलली का नाहीस गं?"

"तू एवढं भांडून मिळवला होतास."

मी खालीच बसले. राग कुठं गेला कळलं नाही, नुसता शीण उरला.

"आणि भेटायचं कसं?" मी विचारलं. "मला तो पूल चढवणार नाही. तुला तर नाहीच."

"नाही भेटणार," ती म्हणाली. "पण तू असशील तरी."

मला रडू आलं. ते तिच्यापासून लपवायचंही त्राण नव्हतं. तिनं पाणी दिलं, बोचकं बांधलं आणि दारापर्यंत आली.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली.

हे आपण परगावी निघालेल्या माणसाला म्हणतो. समोर माझं दार दिसत होतं, दोरीवरची साडी दिसत होती. एरवी मी तिची चेष्टा केली असती.

कटात उभी राहिले. दोन्ही अंगांनी ट्रक जात होते आणि त्यांच्या वाऱ्यानं बोचकं हलत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिथं ट्रक मोजत थांबले. जरा फट दिसली तशी निघाले.

कुलूप काढायच्या आधी फोन लावला. तिनं तो लगेच उचलला.

"पोचले," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "मग वळते आता."