बसलेली हवा

आमच्या घरातली हवा जुनी झाली आणि छतापासून खाली बसायला लागली. आधी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण छताजवळ आमचं काही काम नसायचं. एकदा हेमंत, माझा नवरा, पंखा पुसायला स्टुलावर चढला आणि खोकत उतरला.

"वर हवा घट्ट झालीये," तो म्हणाला.

मी चढून हात लावून पाहिला. गार झालेल्या पिठल्यासारखी लागली. बोट घातलं की खळगा राहत होता.

रंग पिवळट होता आणि थर स्पष्ट दिसत होते. सगळ्यात वर फोडण्यांचा, त्याखाली डासांच्या कॉइलचा, मग डांबरगोळ्यांचा, नव्या कपाटाच्या पॉलिशचा, घरातच वाळवलेल्या कपड्यांचा. मधूनमधून सासऱ्यांच्या धुपाच्या करड्या रेघा. खिडक्या बंद होत्या. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा रस्त्यावरची धूळ आत येऊ नये म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सासूबाई गेल्या, पट्ट्या राहिल्या.

हवा दारांच्या चौकटीपर्यंत उतरली तेव्हा आम्ही वाकून चालायला शिकलो. ओट्यापर्यंत आली तेव्हा मी शेगडी जमिनीवर घेतली आणि बसून स्वयंपाक करू लागले. पलंग मोडून गाद्या खाली अंथरल्या. शेजारच्या कुलकर्णीबाई दारातून डोकावल्या, म्हणाल्या, "बरं केलंत हो, जमिनीवर बसणं पाठीला चांगलं."

अण्णा मात्र वाकले नाहीत. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते.

"आयुष्यभर पोरांना ताठ उभं राहायला शिकवलं," ते म्हणाले. "आता रांगू का?"

त्यामुळे घरात आम्हाला अण्णा गळ्यापर्यंतच दिसत. मग छातीपर्यंत. जेवायला खाली बसले की त्यांचा चेहरा हळद लावल्यासारखा दिसे. पण त्यांना श्वास लागत नसे. त्यांना त्या हवेची सवय झाली होती.

त्रास शरूला झाला. शरू माझी मुलगी, दुसरीतली. तिची छाती सूं सूं वाजू लागली. वाक्य अर्ध्यावर सोडून ती दम घ्यायची आणि उरलेलं वाक्य विसरून जायची. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली.

"घरात हवा खेळती ठेवा," ते म्हणाले.

"खेळत नाही. बसते," मी म्हणाले.

"मग उठवा," असं म्हणून त्यांनी औषध लिहून दिलं.

मी त्याच संध्याकाळी खिडकीची पट्टी सोलायला गेले, तेवढ्यात वर अण्णांच्या तोंडून आवाज आला. आवाज अण्णांचा नव्हता.

"आमटीत गूळ घातलास का गं वैजू?" सासूबाईंनी विचारलं.

मी हात मागे घेतला. अण्णा वाकून खाली आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय म्हणाली?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"तोंडातून गेलं तेवढं कळलं. काय होतं ते नाही कळलं."

मी सांगितलं. अण्णा बराच वेळ मान हलवत राहिले.

जुन्या हवेत जुनं बोलणंही होतं. ते श्वासातून अण्णांच्या आत जाई आणि तोंडातून बाहेर पडे. दुपारी हेमंत कामावर आणि शरू शाळेत गेली की अण्णा खोलीच्या मधोमध उभे राहत आणि मी त्यांच्या पायाशी बसून ऐके. दूधवाला आला का. माझा चष्मा बघा कुठे गेला. शरूला जावळ किती दाट आहे नाही. मी सगळं जसंच्या तसं सांगे. काही दिवशी तासन्‌तास उभं राहूनही फक्त खोकला येई. अण्णा तोही विचारत. "कोरडा होता की कफाचा?"

पट्टीबद्दल मी पुन्हा बोलले नाही. हेमंत बोलला.

"अण्णा, पोरीला श्वास घेता येत नाहीये."

"आणि खिडकी उघडून तुझी आई जाऊ देऊ?"

हेमंतने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते.

हवा गुडघ्याखाली आली. आम्ही पोटावर झोपून जेवायला लागलो. अण्णांची आता फक्त पावलं दिसत. शरूची शाळा बंद झाली, कारण तिला दारापर्यंत सरपटतही जाता येईना. एका सकाळी ती मला हाक मारायला लागली आणि "आ" वरच थांबली. तिचे ओठ जांभळट झाले होते. हेमंतने तिचं डोकं फरशीला टेकवलं, कारण चांगली हवा तेवढीच उरली होती.

तेव्हा वरून सासूबाई म्हणाल्या, "खिडकी उघड गं वैजू. कोंडतंय मला."

अण्णा गुडघे टेकून, मग हात टेकून आमच्यापर्यंत आले.

"काय म्हणाली?"

मी काहीही सांगू शकले असते. हेमंत माझ्याकडे बघत होता. त्यानेही ऐकलं होतं. मी म्हणाले, "खिडकी उघड म्हणाल्या. कोंडतंय म्हणाल्या."

अण्णांनी शरूच्या कपाळावर हात ठेवला.

"हे ती तेव्हाही म्हणायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, धुळीनं खोकला वाढेल."

ते उठले. त्यांची पावलं खिडकीकडे गेली. पट्टी सोलल्याचा आवाज आला, मग काच सरकल्याचा.

हवा लगेच हलली नाही. मग भांड्यापासून कड सुटून खरवस ताटात उतरावा तशी सगळी एका तुकड्यात सरकू लागली. कॅलेंडर, दिव्याची कळ, देवघर, एकेक गोष्ट तिच्यातून बाहेर आली. खिडकीतून ती वाकून गेली. अण्णा तिच्याबरोबर पुढे सरकले आणि कमरेपर्यंत बाहेर ओणवे झाले. चेहरा तिच्यातच ठेवला त्यांनी.

खोली स्वच्छ झाली. मी कितीतरी दिवसांनी उभी राहिले, श्वास घ्यायला गेले, तर घ्यायला काही नव्हतं. जुनी हवा गेली होती आणि नवी आत आली नव्हती. ती खिडकीबाहेर उभी होती. घरातलं कुणी "या" म्हणेपर्यंत पाहुणा उंबऱ्याबाहेर थांबतो तशी. पडदा हलत नव्हता. हेमंतचे ओठ "या" म्हणाले. आवाज फुटला नाही. मीही म्हणून पाहिलं.

"या" म्हणण्यापुरता श्वास फक्त अण्णांकडे होता.

शरू धडपडत खिडकीशी गेली आणि तिने मागून त्यांचा सदरा ओढला. अण्णांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी एक हात मागे करून बोट वर केलं. थांब, ती काहीतरी सांगतेय.