थवा उठवला त्याचा फोटो

भावजींना बेट दाखवलं ते ताईच्या हट्टापायी. नवरा नवा कॅमेरा घेऊन घरात भिंती टिपत बसलाय, त्याला ने, तुला एकटीलाच मिरवायचंय का, म्हणाली. मी मिरवत नव्हते. बेटासमोरच्या किनाऱ्यावर फळ्यांच्या आडोशाला पालथी पडून पेलिकन पक्षी बघत होते, पाठीचं लाकूड झालं होतं.

बेटावर अंडी नुकती फुटली होती. पिल्लं उघडीनागडी, गुलाबी. आईबाप आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून बसायचे. ती सावली उठली की पिल्लाचा खेळ संपला. भावजींना हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. त्यांनी माझ्याच थर्मासमधला चहा पीत मान डोलावली. वर म्हणाले, बसलेल्या पक्ष्याचा फोटो म्हणजे पासपोर्टचा फोटो.

ऊन चढल्यावर मी डबा आणायला गाडीकडे गेले. तेवढ्यात भावजींनी किनाऱ्यावरची नाव पाण्यात लोटली आणि बेटाशी जाऊन वल्हं नावेच्या काठावर आपटलं. अख्खा थवा उठला. मी किनाऱ्यावरून बोंबलत राहिले, भावजी फोटो काढत राहिले. नाव हलेना म्हणून पेलिकन उतरेनात. वरच घिरट्या घालत होते. कावळे उतरले.

स्पर्धेत फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. ताईने नात्यात एकही फोन सोडला नाही. प्रदर्शनात फोटोखाली चार ओळी हव्या होत्या. भावजी म्हणाले, आमच्या मेव्हणीबाईंचा हात लिहिता आहे. मी लिहिलं:

"हा थवा आपणहून उडालेला नाही. फोटो काढणाऱ्याने वल्हं आपटून उठवला. खाली उन्हात उघडी पडलेली पिल्लं कावळ्यांनी खाल्ली. ती फोटोत नाहीत."

वाटलं, आता फोटो तरी उतरवतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील. भावजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"जबरदस्त लिहिलंस गं. लोक थांबून वाचतील."

लोक थांबले. वाचून च्‌च्‌ केलं आणि फोटोला पाठ करून स्वतःचे फोटो काढून घेतले. एक बाई तर डोळे पुसत माझ्याजवळ आली.

"हे बेट नेमकं कुठे आहे हो? तिथे नाव मिळते का?"

मी तोंड उघडायच्या आत भावजी तिला रस्ता समजावून सांगू लागले.