विंगेतला आवाज

धानाची कापणी आटोपली की मुखरू गुरनुले वडशाच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून जायचे. विंगेत बसून नटाच्या कानी त्याचं वाक्य आधी घालायचं, एवढंच त्यांचं काम. त्यामुळे ते वारल्यावर घरात त्यांचा नाटकातला एकही फोटो सापडेना. सापडली ती लग्नांचं शूटिंग करणाऱ्या कुणीतरी उतरवलेली एका नाटकाची कॅसेट.

"दिसनार तं नाईच तुहा बाप," आई कुंताबाई रीताला म्हणाली, "आवाज तरी आन त्याचा."

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला रीता चंद्रपुरात विक्कीच्या व्हिडिओ स्टुडिओत गेली. पहिल्या खेपेला सगळा गोंधळ झाला. टेप सेकंदाला पंचवीस चित्रांची, आणि विक्कीच्या कॉम्प्युटरवर सेटिंग चोवीसचं. चित्र जरा जरा रेंगाळत गेलं, आवाज आपल्या चालीने पुढे निघून गेला. तिसऱ्या अंकात तर नायिका यायच्या आधीच तिचं रडणं ऐकू येऊ लागलं.

"बाई आली नाई अन् रडून पन झाली!" विक्की हसला. "थांबा ताई, पंचवीसवर करून देतो."

आठवड्याने ती पुन्हा गेली.

"आता पाहा. पंचवीसवर केलं, तरी आवाज ओठाच्या आधीच येऊन राह्यला होता. मंग मी आवाजाचा अख्खा ट्रॅकच मागं सरकवला. बसला का नाई फिट?"

पडद्यावर धिप्पाड नायकाने तोंड उघडलं आणि त्यातून बाबांचा आवाज आला. दबका, घाईचा. नायकाने तोंड मिटलं, आणि मग त्याचा स्वतःचा आवाज गरजला.

रीताला हसू फुटलं.

"विक्कीभाऊ, तो पहिला आवाज माझ्या बाबांचा आहे. प्रॉम्प्टर होते ते. तो आधीच यायला पाहिजे."

"अरे देवा! मी तं त्याले नॉईज समजून कमी करनार होतो."

"करू नका."

त्याने ट्रॅक जागेवर आणला. आता आधी बाबा, मग नायकाचे ओठ आणि त्याचा आवाज, बरोबर एकत्र.

तिसऱ्या अंकात नायिका अडली. ओठ अर्धवट उघडे, नजर विंगेकडे. बाबांनी वाक्य दिलं. तिला उचलता आलं नाही. त्यांनी पुन्हा दिलं, या वेळी फक्त पहिला शब्द. जराही न चिडता. नायिका बोलू लागली.

अर्धांगवायूनंतर दवाखान्यात बाबांची जीभ अशीच अडायची. ते रीताकडे बघत राहायचे. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करू नये, त्यात त्याचा मान जातो, असं रीताने कुठेसं वाचलं होतं. पाणी हवंय, खिडकी उघडायचीय, हे तिला कळलेलं असायचं. तरी ती थांबायची, अगदी शांतपणे. मग ते डोळे मिटून घ्यायचे. थकले असतील, असं तिला वाटे. ते तिच्याकडे शब्द मागत होते, हे तिला आत्ता कळलं.

"ताई, इथी बाई अडकली हाय," विक्की म्हणाला. "हा गॅप कापून टाकू का?"

"नको," रीता म्हणाली. "तो राहू द्या."